होडीचं वजन

एकटीला पहाटे पाण्यावर जाता यावं, एवढ्यासाठी मी होडी बांधायला घेतली होती. बांधून झाली तेव्हा लांबी दहा फूट भरली आणि वजन ६२ किलो. घरातून काठापर्यंत ती दोघांनाही जड जायची आणि परत वर चढवताना तिसरं माणूस लागायचंच. पाणी समोर दिसत असूनही हाताशी कोणी नाही म्हणून मी कितीतरी पहाटे काठावर नुसती बसून काढल्या.

दुसरी होडी बारा फुटांची आहे आणि तिचं वजन ४१ किलो. मागच्या टोकाखाली दोन चाकं बांधली की मी ती एकटी ओढत नेते.

मधल्या २१ किलोंचा हिशेब लागायला मला चार वर्षं लागली. त्यात लाकूड किती आणि रेझिन, म्हणजे लाकूड सांधणारं चिकट द्रव्य, किती हे वजनकाट्याने सांगितलं. पण ते मी आत घातलंच का, हे दुसरी होडी बांधताना उमगलं.

त्याआधी मी बरंच सुतारकाम केलं होतं. मांडण्या, पेट्या, एक मोठं टेबल. त्या कामात गुण्या हातातून सुटत नाही. कोपरा काटकोनात बसला की निम्मी काळजी मिटते. होडीत काटकोन शोधूनही सापडत नाही. बाजू वर जाताना बाहेर झुकतात, पुढे जाताना आत वळतात, आणि मागची सपाट फळीसुद्धा तिरकी बसते. गुण्या पेटीत ठेवून द्यावा लागतो आणि त्याच्या जागी एक लांब, लवचिक लाकडी पट्टी हातात येते.

या पट्टीचं काम मला अजूनही सगळ्या बांधणीत सगळ्यात आवडतं. नकाशातली मापं घेऊन प्लायवर बिंदू काढायचे. प्रत्येक बिंदूवर एक बारीक चूक, म्हणजे छोटा खिळा, ठोकायची आणि त्या चुकांना टेकवून पट्टी वाकवायची. लाकूड आपल्या स्वभावाने वळतं. पाच चुकांना पट्टी सहज टेकली आणि सहाव्यापाशी अंतर राहिलं, तर बहुतेक वेळा माप उतरवतानाच काहीतरी बिघडलेलं असतं. अशा वेळी सहावी चूक उपटायची आणि पट्टीला जायचं तिथे जाऊ द्यायचं. मग प्लायच्या एका टोकाशी गुडघ्यांवर बसायचं, एक डोळा मिटायचा आणि गाल जवळजवळ लाकडाला टेकवून त्या रेषेवरून नजर फिरवायची. उभ्याने पाहताना दिसत नाही असा दोन मिलीमीटरचा फुगवटा तिथून टेकडीएवढा दिसतो.

पहिल्या वेळी मी आकड्यांवर विश्वास ठेवला. पट्टी कुरकुरत होती, तरी मी ती सगळ्या चुकांना जबरदस्तीने टेकवली. त्या होडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या टोकापासून तीन फुटांवर, त्यामुळे एक पोक आहे. रंगाखालीही ते लपत नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की आधी नजर तिथेच जाते.

कापलेले तुकडे जमिनीवर पसरले की शिंप्याकडच्या कापडासारखे दिसतात. लांब, सपाट, होडीशी काही संबंध नसल्यासारखे. कडेपासून साधारण एक सेंटीमीटर आत, दर पंधरा-वीस सेंटीमीटरला एक बारीक भोक पाडायचं. दोन तुकड्यांच्या कडा जुळवायच्या, भोकांतून तांब्याची तार ओवायची आणि पकडीने पीळ द्यायचा. दादा आतून तार सरकवत होता आणि मी बाहेरून पिळत होते. दुपारभर ते सगळं लोळागोळाच होतं. मग पुढच्या टोकाचे शेवटचे चार टाके आवळले आणि दोन्ही बाजूंनी एकदम फुगून आकार घेतला. दादा आतच बसलेला होता. तो म्हणाला, "अगं, मी होडीत आहे!" आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ काही न बोलता तिच्याकडे पाहत राहिलो.

शिवून होडी करणं ही कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमध्ये खुफूच्या पिरॅमिडच्या पायथ्याशी १९५४ साली जे जहाज सापडलं, ते ४३ मीटरहून लांब आहे, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं आहे आणि त्याच्या फळ्या दोरांनी एकमेकींना बांधलेल्या होत्या. हिंदी महासागराच्या काठाने तर काथ्याच्या दोरीने शिवलेली गलबतं शतकानुशतकं व्यापार करत राहिली. प्लायवूड आणि तारेची आजची पद्धत विसाव्या शतकातली. ती घराघरांत नेली ती १९६३ साली ब्रिटनमध्ये आलेल्या 'मिरर' या छोट्या शिडाच्या होडीने. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली, एका वृत्तपत्राने तिचा प्रसार केला, आणि घरच्या जागेत साध्या हत्यारांनी अशा हजारो होड्या बांधल्या गेल्या. फरक एवढाच की जुन्या होडीत दोरी हाच कायमचा सांधा होता. इथे तार काही दिवसांची पाहुणी असते. आतल्या बाजूने कोपऱ्यात इपॉक्सी हे रेझिन आणि लाकडाचा भुसा कालवून केलेली लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, गोलसर भरायची, तिच्यावर काचतंतूंची पट्टी बसवायची, मग तारा कापून टाकायच्या. खरा सांधा हाच.

वजन वाढायला इथूनच सुरुवात झाली. खरं तर त्याही आधी, प्लाय निवडताना. नकाशात तळासाठी ६ मिलीमीटर जाडी लिहिलेली होती. मी तो पत्रा हातात धरून हलवला तर तो लपलपला. पाणी आणि मी यांच्यामध्ये एवढंच? मी ९ मिलीमीटरचा प्लाय घेतला. सपाट फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दीडपट जाडीला जवळजवळ साडेतीनपट ताठपणा. हे गणित मला माहीत होतं आणि त्याने माझं समाधान झालं. पण ते सपाट फळीचं गणित आहे. कागदाचा एक ताव एका कडेला धरला तर तो खाली वाकतो. त्याच कडेला बोटांनी थोडा बाक द्या, तो समोर ताठ उभा राहतो. होडीची बाजू अशीच उभी असते. वळणामुळे तिला आलेली ताकद फुकटची असते, तिला वजन नसतं. हे मला वाचून माहीत होतं, पण हाताला अजून पटलं नव्हतं.

मग जिथे जिथे मन खात होतं तिथे तिथे मी काहीतरी वाढवत गेले. नकाशात नसलेल्या चार आडव्या फासळ्या. कोपऱ्यात हवा त्याच्या दुप्पट लगदा. काचतंतूंचा एक थर पुरेसा असताना दोन. आणि ते भिजवतानाही रेझिन सढळ हाताने. वास्तविक कापड पारदर्शक झालं आणि त्याची वीण वर दिसत राहिली की पुरे. वरचं चकचकीत रेझिन ताकद देत नाही, नुसतं वजन देतं. बसायच्या फळ्या मी टेबलासाठी वापरते त्या जाडीच्या केल्या. त्यातली एकही गोष्ट करताना मला ती जास्त वाटली नाही. प्रत्येक फासळीमागे मला तेव्हा पटलेलं एक कारण होतं, आणि ते कारण दरवेळी एकच होतं: होडी मधोमध फाटेल आणि माझी मुलगी आत असेल.

त्या भीतीबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. फक्त तिच्यावरचा उपाय मी चुकीच्या जागी केला होता.

रेझिनबद्दल दोन शब्द सांगते, कारण तिथे खरा धोका आहे. पहिल्याच दिवशी मी एका खोल डब्यात बरंच इपॉक्सी एकदम कालवलं. ते घट्ट होताना स्वतःच उष्णता तयार करतं, उष्णतेमुळे आणखी वेगाने घट्ट होतं, आणि खोल डब्यातून ती उष्णता बाहेर पडत नाही. पाच-सहा मिनिटांत डबा हातात धरवेना आणि त्यातून धूर निघू लागला. आता मी थोडं थोडं कालवते आणि लगेच पसरट ताटलीत ओतते. हातमोजे, मोकळी हवा आणि घासताना तोंडावर मास्क, यात तडजोड नाही. वाळल्यावर कधीकधी वर मेणासारखा थर येतो. तो पाण्याने धुऊन काढल्याशिवाय पॉलिश पेपर मारला तर पुढचा थर चिकटत नाही. आणि प्लाय कितीही खात्रीचा असो, त्याचा एक तुकडा तासभर उकळत्या पाण्यात ठेवून, वाळवून, पुन्हा उकळून पाहायचा. थर सुटले तर त्या प्लायची मांडणी करावी, होडी करू नये.

पहिल्या होडीची खरी परीक्षा मी तीन महिन्यांनी घेतली, आणि ती पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती. कमरेएवढ्या पाण्यात नेऊन आम्ही ती मुद्दाम भरली. ती बुडाली नाही, लाकूडच ते. पण काठ पाण्याच्या पातळीला आले आणि तिथेच राहिले. दादा डब्याने पाणी उपसत होता आणि तेवढंच पाणी काठावरून पुन्हा आत येत होतं. फासळ्या चार, थर दोन, तळ ९ मिलीमीटरचा, आणि नेमक्या त्या क्षणी यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. तिथे हवी होती नुसती कोंडलेली हवा. एक लिटर हवा साधारण एक किलो वजन तोलून धरते, आणि तिचं स्वतःचं वजन जवळजवळ शून्य. दुसऱ्या होडीत पुढे आणि मागे बसायच्या फळ्यांखाली मी हवाबंद कप्पे केले, प्रत्येकी साठेक लिटरचे. तीही भरून पाहिली. काठ पाण्याच्या वर हातभर राहिले नाहीत, पण चार बोटं राहिले, आणि चार बोटं पुरतात. पंधरा मिनिटांत मी एकटीने ती कोरडी केली. उपसायचा डबा दोरीने होडीला बांधलेला असतो, कारण होडी उलटते तेव्हा सगळ्यात आधी तोच निघून जातो. जीवनरक्षक जाकीट अंगावर असतं, फळीखाली ठेवलेलं नसतं.

बाकीची मांडामांड सुतारकामापेक्षा शिवणकामासारखी आहे. मापं अंगावर घ्यावी लागतात. वल्ही अडकवायच्या कड्या बसायच्या फळीच्या कडेपासून मागच्या टोकाच्या दिशेने साधारण एक फुटावर येतात, उंचीला फळीपासून सात ते नऊ इंच वर. यात दोन इंच इकडेतिकडे झाले तर वल्ह्याची मूठ एकतर मांडीवर आपटते किंवा हनुवटीपाशी येते. पायाला टेकण असायलाच हवं. ते नसेल तर आपण वल्हं ओढत नाही, आपणच फळीवरून घसरत असतो. मी दोन्ही बाजूंना खाचा केल्या आहेत आणि त्यांत बसणारी एक आडवी पट्टी आहे. मुलगी वल्हवायला बसते तेव्हा ती पट्टी दोन खाचा अलीकडे येते. दर वर्षी एकेक खाच मागे जाते आहे.

पहिल्या होडीत वल्हवायची जागा एकच होती. मुलगी मागच्या फळीवर बसली की पुढचं टोक वर उचललं जायचं, मागची सपाट फळी पाण्यात बुडायची, आणि मागे पाणी गुळगुळ आवाज करत ओढलं जायचं. तो आवाज म्हणजे वाया गेलेली ताकद. मी बरेच दिवस दोष वजनाला देत राहिले. पण २१ किलो जास्त म्हणजे २१ लिटर जास्त पाणी बाजूला सारणं, आणि एवढ्या पसरट तळाच्या होडीत त्याने ती फार तर एखादा सेंटीमीटर खाली बसते. वजन किती यापेक्षा ते कुठे बसलं आहे, हे पाण्यावर जास्त महत्त्वाचं. नव्या होडीत कड्यांच्या दोन जोड्या आहेत. सोबत कोणी असलं की मी पुढच्या फळीवर सरकते, होडी पाण्यावर सपाट बसते आणि मागचा आवाज बंद होतो.

वल्ह्यांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. लांबीचा एक जुना ठोकताळा आहे: दोन कड्यांमधलं अंतर इंचांत मोजा, निम्मं करा, दोन मिळवा, त्याला २५ ने गुणून ७ ने भागा. माझ्याकडे अंतर ४८ इंच, म्हणून वल्हं ९३ इंचांच्या आसपास, पावणेआठ फूट. पहिली वल्ही मी सहा फुटांची केली होती आणि पाती जाड ठेवली होती, मोडू नयेत म्हणून. पुन्हा तीच भीती. पण वल्ह्याचं पातं तासाभरात हजारभर वेळा उचलायचं असतं, आणि ते कडीपासून पाच फूट दूर असतं. तिथलं शंभर ग्रॅम होडीतल्या कित्येक किलोंपेक्षा भारी पडतं. नवी वल्ही घेऊन मी रंधा हातात धरला आणि पात्याच्या टोकाकडे जात राहिले. थोडं छिलायचं, कडीत ठेवून तोलायचं, पुन्हा छिलायचं. दांडाही पात्याकडे बारीक होत गेला. शेवटी पात्याची कड बोटाएवढीही जाड राहिली नव्हती आणि मधोमध एक उभा कणा होता. ओढताना ते वल्हं किंचित वाकतं आणि झटक्याच्या शेवटी सरळ होतं. ते पहिल्यांदा हाताला जाणवलं तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं लाकडाला वाकू द्यायला घाबरत होते.

वल्हवण्यात जोर कमी आणि वेळ साधणं जास्त. पातं नुसतं झाकेल एवढंच पाण्यात. आधी पाय रेटायचे, मग पाठ मागे, हात सगळ्यात शेवटी वाकतात. बाहेर काढताना मनगट फिरवून पातं आडवं करायचं, म्हणजे वारा त्याला पकडत नाही. तोंड मागे असल्यामुळे दिशा धरायला मागच्याच दोन खुणा लागतात, एक जवळची आणि एक दूरची. जवळचा खांब आणि त्यामागचं झाड एका रेषेत दिसत राहिले की होडी सरळ चालली आहे. अधूनमधून खांद्यावरून पुढे पाहायचंच.

वेगाला मर्यादा असते आणि ती माणसाने मान्य करावी. वेग वाढतो तशी होडीची स्वतःची लाट लांबत जाते, आणि ती होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की मर्यादा येते. फुटांतल्या त्या लांबीचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की नॉटमध्ये तिची साधारण कमाल मिळते. पाण्यातली लांबी ९ फूट असेल तर चार नॉट, ताशी सात-साडेसात किलोमीटर. त्यापुढे कितीही ओढा, होडी स्वतःच्याच लाटेवर चढत बसते. म्हणून नव्या होडीला दोन फूट वाढवले आणि तीन नॉटांवर समाधान मानलं. त्या चालीने मी दोन तास वल्हवू शकते आणि बोलूही शकते.

नेदरलँड्समध्ये १९५५ साली रस्त्याचं काम चालू असताना पेस गावाजवळ एक होडी सापडली. एकाच पाइनच्या खोडातून कोरलेली, लांबी जेमतेम तीन मीटर, वय सुमारे दहा हजार वर्षं. आजवर सापडलेली ही सगळ्यात जुनी होडी मानली जाते. तिची लांबी माझ्या पहिल्या होडीएवढीच आहे, हे वाचल्यापासून तो कोरणारा माणूस माझ्या मनात येत राहतो. खोड आतून कोरत जायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवायचं. जाड ठेवलं तर ओढवणार नाही, पातळ केलं तर फुटेल. त्याच्याजवळ माप नव्हतं, हात होता. तो लाकडावर वाजवून ऐकत असेल का? मी दुसऱ्या होडीच्या तळावर टिचक्या मारून ऐकायचे.

आणि वजनाचा विषय निघाला की मला १८९६ सालचे जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएलसन आठवतात. अठरा फुटांच्या उघड्या होडीतून, नुसत्या वल्ह्यांवर, त्यांनी न्यू यॉर्कहून निघून ५५ दिवसांत अटलांटिक ओलांडला आणि इंग्लंडजवळच्या सिली बेटांना लागले. त्यांची होडी हलकी नव्हती, आठवड्यांच्या शिधापाण्याने लादलेली होती. पण त्यातलं प्रत्येक वजन त्यांनी विचार करून उचललेलं होतं. माझ्या चार फासळ्या तशा नव्हत्या.

पहिली होडी मी दादाला देऊन टाकली. ती त्याला फार आवडते. तो तिच्यात उभा राहतो, बैठक बदलतो, कडेवर वाकतो, आणि ती हूं की चूं करत नाही. मागच्या टोकाखाली त्याने एक उभं पातं बसवलं, त्यामुळे ती आता सरळही चालते. फासळ्यांच्या मधे त्याने हवा भरलेल्या पिशव्या बांधून घेतल्या, तेवढं मी त्याच्याकडून करवूनच घेतलं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं आपापल्या होडीतून निघालो होतो. परतताना वारा समोरून उठला. आखूड, तुटक लाटा. माझी हलकी होडी दोन झटक्यांच्या मधे थांबून जात होती. ओढलं की पुढे, वल्हं उचललं की वाऱ्याने मागे, आणि पुढचं टोक सारखं बाजूला फिरत होतं. दादाची जड होडी मात्र एकदा निघाली की निघाली. तिच्या ६२ किलोंत साठलेला जोर तिला पुढच्या झटक्यापर्यंत नेत होता. अर्ध्या तासात तो बराच पुढे गेला. मग वळून आला आणि काही न बोलता दोर फेकला.

मी वल्ही आत घेतली आणि पुढे तोंड करून बसले. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, म्हणून तो आणि मी समोरासमोर होतो, मधे वीस फूट दोर, कधी ताणलेला तर कधी पाण्यात लोंबणारा. त्याच्या पाठीमागून ऊन येत होतं आणि डाव्या बाजूचं पोक स्पष्ट दिसत होतं. माझी होडी डावीकडे, मग उजवीकडे भरकटत होती.

"मागे सरकून बस," तो ओरडला. "नाक वर येऊ दे."

मी मागच्या फळीवर सरकले. होडी सरळ झाली आणि त्याच्या मागून चालू लागली.